अर्थ एकीकडे, उगम दुसरीकडे

रात्री पडलेल्या स्वप्नाबद्दल दोन प्रश्न विचारता येतात. ते आले कुठून, हा एक. आणि त्याचा अर्थ काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न वेगळे आहेत याचे भान आपल्या जुन्या वैद्यांना चांगले होते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, पुढचे सुचवणारे आणि वातादी दोषांतून उपजलेले. यातले पहिले पाच निष्फळ, असे तिथे वैद्याला बजावले आहे. जे रोग्याच्या मनातूनच आले, त्यात त्याच्या भवितव्याची खूण शोधत बसू नये, असा त्याचा रोख.

सिग्मंड फ्रॉइडने नेमके उलटे केले. चरकाने निष्फळ म्हणून बाजूला काढलेल्या ढिगातला चौथा प्रकार, म्हणजे इच्छिलेल्याचे स्वप्न, त्याने सगळ्या स्वप्नांचा पाया ठरवला. (ही तुलना माझी, फ्रॉइडची नव्हे.) स्वप्नाचा उगम इच्छेत आणि ती इच्छा हुडकून काढणे म्हणजेच अर्थ लावणे, असा त्याचा दावा. दोन प्रश्नांना त्याने एका गाठीत बांधले. पुढच्या सव्वाशे वर्षांत मनोविश्लेषणात आणि मनोविश्लेषणाबाहेर जे काही घडले, ते बहुतांशी ही गाठ सुटत जाण्याचा इतिहास आहे.

‘डी ट्राउमडॉयटुंग’ हे फ्रॉइडचे स्वप्नमीमांसेवरचे पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये विक्रीला आले, पण प्रकाशकाने त्यावर साल छापले १९००. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठेक वर्षे लागली. वडील १८९६ मध्ये वारले आणि त्यानंतर फ्रॉइडने स्वतःचीच स्वप्ने चिरून पाहायला सुरुवात केली. हे पुस्तक म्हणजे त्या मृत्यूला आपण दिलेला प्रतिसाद होता, असे त्याने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मान्य केले. शास्त्रीय ग्रंथ आणि आत्मचरित्र यांची अशी सरमिसळ दुसरीकडे क्वचितच सापडते. पुस्तकाची ताकद तिच्यात आहे आणि दुखणेही तिच्यातच.

पुस्तकाचा कणा असलेले स्वप्न त्याला २३-२४ जुलै १८९५ च्या रात्री पडले. एका मोठ्या दालनात पाहुणे जमले आहेत. त्यांत इर्मा नावाची त्याची रुग्ण आहे. फ्रॉइड तिला बाजूला घेऊन सुनावतो, की अजून दुखत असेल तर दोष तुझाच. ती घसा दाखवते. आत पांढरा चट्टा आणि नाकातल्या हाडांसारखे काहीतरी विचित्र दिसते. डॉक्टर एम. येतात, ओटो आणि लिओपोल्ड हे मित्र येतात. मग कळते की ओटोनेच तिला एक इंजेक्शन दिले होते. ट्रायमेथिलामिनचे रासायनिक सूत्र ठळक अक्षरांत डोळ्यांपुढे उभे राहते आणि सिरिंज बहुधा स्वच्छ नव्हती, इथे स्वप्न थांबते.

आदल्या दिवशी खराखुरा ओटो, म्हणजे फ्रॉइडच्या घरच्या मुलांचा डॉक्टर असलेला मित्र, इर्माकडून आला होता. ती बरी आहे पण पूर्ण बरी नाही, एवढेच तो म्हणाला. ते फ्रॉइडला टोचले. त्याच रात्री त्याने तिची सगळी हकीकत लिहून काढली, ज्येष्ठ सहकाऱ्याला दाखवून स्वतःची बाजू मांडता यावी म्हणून. या दिवसभराच्या शिल्लक मालातून स्वप्न उभे राहिले, आणि स्वप्नातल्या एकेका तुकड्यावर जे जे सुचेल ते लिहीत गेल्यावर फ्रॉइडला सगळीकडे एकच सूर ऐकू आला: माझा दोष नाही. दुखणे शरीराचे आहे, म्हणून माझा दोष नाही. इर्मा ऐकत नाही, म्हणून नाही. ओटोची सिरिंज घाण, म्हणून नाही. या कारणांचे आपसांत जुळत नाही, हे फ्रॉइडच्या लक्षात आले आणि त्याने स्वतःच एक विनोद सांगितला. उसनी नेलेली किटली फुटकी परत केल्याचा आरोप आल्यावर शेजारी म्हणतो, मी ती धड परत केली. शिवाय नेली तेव्हाच तिला भोक होते. आणि मुळात मी किटली नेलीच नव्हती.

हे विवेचन आजही वाचताना गुंगवून टाकते. पण फ्रॉइडने त्यात एक गोष्ट सांगितली नाही. त्याच वर्षाच्या सुरुवातीला त्याचा बर्लिनचा जिवलग मित्र विल्हेल्म फ्लीस व्हिएन्नात आला होता आणि त्याने फ्रॉइडच्या एमा एकस्टाइन या रुग्णाच्या नाकाची शस्त्रक्रिया केली होती. जखमेत गॉजची लांबलचक पट्टी राहून गेली. काही आठवड्यांनी रक्तस्राव होऊन ती मरता मरता वाचली. फ्रॉइडने फ्लीसला लिहिलेल्या पत्रांत हे सगळे आहे. माक्स शूर या त्याच्याच डॉक्टरने १९६६ मध्ये ते उजेडात आणले. ट्रायमेथिलामिनचा संबंध फ्लीसच्या कल्पनांशी आहे, एवढे फ्रॉइड पुस्तकात सांगतो. घाण सिरिंज, नाकातली हाडे आणि दुसऱ्या डॉक्टरचा हलगर्जीपणा हे सगळे समोर असताना तो मित्राची चूक मात्र झाकून ठेवतो. पद्धत चुकली असे यावरून म्हणता येणार नाही. ती फ्रॉइडने वापरली त्यापेक्षा खोल जाते, हेच यातून दिसते. स्वप्न पाहणाऱ्याने स्वतःच्या स्वप्नाचा अर्थ सांगून संपवला, तरी स्वप्नात काही शिल्लक राहतेच.

सिद्धान्त थोडक्यात असा. जे आठवते ते स्वप्नाचे प्रकट रूप. त्यामागे एक दडलेला आशय असतो, बहुधा बालपणापासून दाबून ठेवलेल्या इच्छेचा. ती उघडपणे जाणिवेत आली तर झोप मोडेल, म्हणून मनातला सेन्सॉर तिला वेषांतर करायला लावतो. वेषांतराच्या युक्त्या अशा: अनेक माणसे आणि प्रसंग एकाच प्रतिमेत कोंबणे, महत्त्वाच्या गोष्टीवरचा भावनेचा भार क्षुल्लक गोष्टीवर सरकवणे, विचारांना चित्रांचे रूप देणे, आणि जाग येता येता या सगळ्याला गोष्टीसारखी सलगता देणे. या घडामोडीला फ्रॉइडने ‘स्वप्नकार्य’ म्हटले. माझ्या मते त्याची सर्वांत टिकाऊ कामगिरी हीच. पुढे १९२५ मध्ये एका तळटीपेत त्याने आपल्याच अनुयायांना टोकले: तुम्ही दडलेल्या आशयाच्या मागे लागता आणि ज्या प्रक्रियेने स्वप्न घडते तिला विसरता. ही तळटीप अनुयायांनी फारशी मनावर घेतली नाही.

अडचण आली ती प्रत्येक स्वप्न इच्छापूर्तीच असते या हट्टामुळे. एका खाटकाच्या बायकोने फ्रॉइडला स्वप्न सांगितले: मला मेजवानी द्यायची होती, घरात धुरावलेल्या सामन माशाशिवाय काही नव्हते, दुकाने बंद, टेलिफोन बिघडलेला, शेवटी बेत रद्द केला. मग इच्छा कुठे पुरी झाली? फ्रॉइडने माहिती काढली. नवरा तिच्या एका मैत्रिणीचे कौतुक करतो, पण त्याला भरलेल्या अंगाच्या बायका आवडतात. मैत्रीण किडकिडीत आहे आणि तिला जाड व्हायचे आहे. मेजवानी नाही, तर मैत्रीण जाड होणार नाही. इच्छा पुरी झाली! इथवर ठीक, कारण दुवे तिनेच पुरवलेले आहेत. पण दुसऱ्या एका हुशार रुग्णेला सासूबरोबर सुटी घालवायचे स्वप्न पडले, जे तिला मुळीच नको होते. फ्रॉइडचा निर्वाळा असा, की फ्रॉइड खोटा पडावा ही तिची इच्छा होती, तीच स्वप्नाने पुरवली. आता मात्र पडले तरी नाक वर म्हणायची पाळी येते. कोणत्याही स्वप्नाने जो खोटा ठरू शकत नाही, तो सिद्धान्त स्वप्नांच्या उगमाबद्दल काही सांगतो असे कसे मानायचे?

पहिल्या महायुद्धाने फ्रॉइडलाच मागे हटायला लावले. खंदकातून परतलेले सैनिक तोच स्फोट, तोच मृत्यू रात्रीमागून रात्री स्वप्नात पुन्हा पुन्हा भोगत होते. यात कुठली इच्छा? १९२० मध्ये त्याने मान्य केले, की अशा स्वप्नांना इच्छापूर्तीचा नियम लागत नाही. मन इथे आघातावर उशिरा का होईना ताबा मिळवू पाहते. नियमाला पडलेले हे छिद्र पुढे मोठे होत गेले.

प्रतीकांचे प्रकरण तर फ्रॉइडच्या नावावर अधिकच चिकटले. काठी, छत्री, पेटी, जिना यांचे लैंगिक अर्थ ही पहिल्या आवृत्तीत किरकोळ बाब होती. विल्हेल्म श्टेकेल वगैरेंच्या प्रभावाने ती पुढच्या आवृत्त्यांत फुगली. प्रतीके दुय्यम आहेत, स्वप्न पाहणाऱ्याला काय सुचते ते मुख्य, असे फ्रॉइड बजावत राहिला. लोकांनी मात्र प्रतीकेच उचलली. आपल्याकडच्या स्वप्नफळाच्या पुस्तिकेत साप दिसला की धनलाभ असतो, आणि फ्रॉइडच्या नावाने चालणाऱ्या गप्पांत साप दिसला की दुसरेच काही. दोन्हीकडे सापाला विचारले जाते; ज्याला साप दिसला त्याला कोणी विचारत नाही.

कार्ल युंगची वाट वेगळी झाली तीही एका स्वप्नावरून, निदान त्याने सांगितले तसे. १९०९ मध्ये क्लार्क विद्यापीठाच्या निमंत्रणावरून फ्रॉइड आणि तो अमेरिकेला गेले. त्या प्रवासात दोघे एकमेकांच्या स्वप्नांचा अर्थ लावत. युंगला स्वप्नात एक घर दिसले: वरच्या मजल्यावर नक्षीदार दिवाणखाना, खालचा मजला मध्ययुगीन, त्याखाली रोमन तळघर, आणि तळघराखालच्या गुहेत मातीची भांडी, हाडे आणि दोन जुन्या कवट्या. या कवट्या कोणाच्या, असे फ्रॉइड पुन्हा पुन्हा विचारत राहिला. त्याला कोणाच्या तरी मरणाची इच्छा हवी होती. युंगने वेळ मारून नेण्यासाठी बायकोचे आणि मेहुणीचे नाव घेतले. स्वतः युंगला ते घर म्हणजे मनाचा आराखडा वाटला: व्यक्तीच्या नेणिवेखाली सबंध मानवजातीची सामूहिक नेणीव. ही हकीकत युंगच्या आठवणींत आली ती अर्ध्या शतकानंतर, आणि तीही एकाच पक्षाकडून, हे विसरू नये.

युंगच्या मते स्वप्न वेषांतर करत नाही. ते आपल्या चित्रभाषेत सरळच बोलते. जागेपणीची एकांगी भूमिका ते भरून काढते. फार गर्विष्ठ झालेल्याला ते पडण्याचे दृश्य दाखवील. पुराणकथांतल्या प्रतिमा स्वप्नांत का उगवतात, याचे उत्तर त्याने आदिबंधांत, म्हणजे सामूहिक नेणिवेतल्या मूळ साच्यांत शोधले. मराठी समीक्षेत आदिबंध हा शब्द चांगला रुजला आहे. मला युंगचा पहिला विचार उपयोगी वाटतो, दुसरा संशयास्पद. कारण दुनियेभरच्या पुराणांतून हवी ती जुळणी काढता येते, आणि इथेही खोटे ठरण्याची वाट बंद होते. एक गोष्ट मात्र युंगच्या बाजूने म्हणायला हवी. तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी मंत्र दिला तो स्वप्नात, आणि बहिणाबाईंना तुकोबांचा अनुग्रह झाला तोही स्वप्नात. महाराष्ट्रात ज्याला दृष्टान्त म्हणतात, त्या स्वप्नांना वेषांतर केलेली इच्छा एवढेच म्हणून गप्प बसता येत नाही. त्यांनी माणसाचे पुढचे आयुष्य बदलले, आणि त्या परिणामाकडे पाहण्याची जागा युंगच्या मांडणीत आहे.

बाकीच्यांना भरभर ओलांडतो. आल्फ्रेड आडलरला स्वप्न म्हणजे उद्याच्या प्रसंगासाठी भावना तापवून ठेवणे वाटले. जाक लाकाँने कोंबणे आणि सरकवणे या युक्त्यांत भाषेतले रूपक आणि लक्षणा पाहिल्या. कल्पना चमकदार, तिच्याभोवतीचे गद्य दुर्घट. विल्फ्रेड बायॉन म्हणाला, की स्वप्न पाहणे हे अनुभव पचवण्याचे काम आहे, ते दिवसाही चालू असते, आणि ज्याला ते जमत नाही तो खरा आजारी.

भारतात या विषयावर सर्वांत आधी आणि सर्वांत स्वतंत्रपणे विचार केला तो कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी. १९२२ मध्ये त्यांनी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि पुढे बंगालीत ‘स्वप्न’ नावाचे पुस्तक लिहिले. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार दीड दशक चालला. भेट कधी झाली नाही. बोस यांचा सिद्धान्त असा, की प्रत्येक इच्छेबरोबर तिची विरुद्ध इच्छाही मनात जन्मते. मारावेसे वाटणाऱ्याला मार खावासाही वाटतो. दडपण सेन्सॉरमुळे येत नाही, या दोन इच्छा एकमेकींना अडवतात म्हणून येते. भीतिदायक स्वप्ने फ्रॉइडपेक्षा या मांडणीत सहज बसतात. मराठीत बोस यांच्याबद्दल फार कमी लिहिले गेले आहे. ही उणीव कोणीतरी भरून काढायला हवी.

गाठ कुठे तुटते हे पाहायचे तर सेर्गेई पान्केयेव या श्रीमंत रशियन तरुणाचे प्रकरण पुरेसे आहे. चारेक वर्षांचा असताना त्याला स्वप्न पडले, की खिडकी आपोआप उघडली आणि समोरच्या अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे स्तब्ध बसून आपल्याकडे पाहत आहेत. तेवढ्यावरून फ्रॉइडने अनुमान बांधले, की दीड वर्षाचा असताना या मुलाने आईवडिलांचा समागम पाहिला होता. आठवण नव्हतीच, ती स्वप्नावरून रचली गेली. १९७० च्या दशकात पत्रकार कारिन ओबहोल्त्सर यांच्याशी बोलताना म्हाताऱ्या पान्केयेवने तो अर्थ ओढूनताणून लावलेला आहे असे सांगितले; त्याच्या वर्गातली मुले आईवडिलांच्या खोलीत झोपतच नसत, हा त्याचा साधा मुद्दा. तत्त्वज्ञ आडॉल्फ ग्रुनबाउम यांनी १९८४ मध्ये या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. स्वप्नावरून सुचत गेलेले विचार एखाद्या इच्छेपाशी पोचले, म्हणून ती इच्छाच स्वप्नाचे कारण होती असे सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रातली एखादी ओळ घेऊन सुचेल ते बोलत गेलो, तरी आपण आपल्याच चिंतांपाशी पोचतो. म्हणून ती ओळ आपल्या चिंतांनी लिहिली असे होत नाही.

दडलेल्या आशयाची गरजच पडत नाही अशीही स्वप्ने आहेत. शार्लोटे बेराट या पत्रकार महिलेने १९३३ ते १९३९ या काळात बर्लिनमध्ये लोकांची स्वप्ने गुपचूप जमवली. ती १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. एका कारखानदाराच्या स्वप्नात गोबेल्स कारखान्यात येतो आणि कामगारांसमोर हात उंचावून सलामी द्यायला मालकाला अर्धा तास लागतो. एका डॉक्टरच्या स्वप्नात घरांच्या भिंती सरकारी हुकमाने नाहीशा होतात. इथे प्रकट रूप हाच आशय.

प्रयोगशाळेची कथा १९५३ मध्ये शिकागोत सुरू झाली. युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची बुबुळे वेगाने हलण्याचे टप्पे शोधले. त्या टप्प्यात उठवले तर लोक बहुधा स्वप्न सांगतात. हे टप्पे साधारण दीड तासाच्या अंतराने येतात आणि रात्रीच्या शेवटी लांबत जातात. म्हणून पहाटेची स्वप्ने अधिक आठवतात. ती खरी होतात हा समज तेवढा सोडून द्यावा. १९७७ मध्ये अ‍ॅलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी सांगितले, की मेंदूच्या बुंध्यातून विस्कळीत संदेश वर जातात आणि वरचा मेंदू त्यांची कशीबशी गोष्ट जुळवतो. इच्छेचा पत्ताच कटला. पण मार्क सोल्म्स यांनी १९९७ मध्ये मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरून दाखवले, की बुंधा शाबूत असूनही, पुढच्या भागातले ओढ आणि हाव यांच्याशी निगडित मार्ग तुटले तर स्वप्ने थांबतात. फ्रॉइडवाद्यांनी पेढे वाटले. मला ते घाईचे वाटते. ओढ लागल्याशिवाय स्वप्न पडत नाही हे मान्य केले, तरी ती ओढ बालपणीची, दाबलेली आणि वेषांतर केलेली असते, हे त्यातून निघत नाही.

लहान मुलांची स्वप्ने सरळ इच्छापूर्तीची असतात, असे फ्रॉइड म्हणे. त्याच्या दीड वर्षाच्या मुलीने, आनाने, उपास घडल्यावर झोपेत स्ट्रॉबेरीचे नाव घेतले, हा त्याचा लाडका दाखला. डेव्हिड फोक्स यांनी मुलांना वर्षानुवर्षे प्रयोगशाळेत झोपवून पाहिले, तर पाच वर्षांखालची मुले स्वप्ने क्वचितच सांगत, आणि सांगत ती हालचाल नसलेली, एखाद्या चित्रासारखी. हा दाखला त्यामुळे बराच पातळ झाला. उलट दुसरीकडे फ्रॉइडला थोडा आधार मिळाला. २००४ मध्ये डॅनियल वेग्नर आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना झोपण्यापूर्वी काही मिनिटे एखाद्या ओळखीच्या माणसाचा विचार दाबून ठेवायला सांगितले, तर तोच माणूस त्यांच्या स्वप्नात जास्त आला. कॅल्विन हॉल आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी हजारो स्वप्ने मोजून काढली आणि त्यांत लोकांच्या रोजच्याच काळज्या, रोजचीच माणसे आढळली. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ हे आपल्या आजीचे शास्त्र एवढे पक्के निघाले. फ्रॉइडचे म्हणणे त्याहून बरेच पुढचे होते, आणि त्या पुढच्या भागाला असा आधार मिळालेला नाही.

दुःस्वप्नांच्या उपचारांत ही फारकत सर्वांत स्पष्ट दिसते. बॅरी क्राकोव आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. जागेपणी स्वप्नाचा शेवट हवा तसा बदलायचा आणि नवे दृश्य रोज थोडा वेळ मनात घोळवायचे, एवढीच पद्धत. तिने दुःस्वप्ने कमी झाली. अर्थ कोणी लावला नाही, कारण कोणी शोधले नाही. ज्यांना आघातानंतर तेच स्वप्न वारंवार छळते, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञाकडे याच उपचाराची चौकशी करावी.

तेव्हा निवाडा असा. स्वप्न कुठून येते, या प्रश्नावर फ्रॉइडचे उत्तर टिकले नाही, आणि तो प्रश्न आता मेंदूच्या अभ्यासकांकडे गेला आहे. स्वप्नाचा अर्थ कसा लावावा, यावर त्याने दिलेली शिस्त मात्र अजून कामाची आहे: स्वप्नाचे तुकडे करा, प्रत्येक तुकड्यावर ज्याचे स्वप्न त्यालाच बोलू द्या, आणि कोश बंद ठेवा. ज्यांना मूळ पुस्तक वाचायचे आहे त्यांनी पहिले प्रकरण खुशाल गाळावे. पूर्वसूरींचा तो कंटाळवाणा आढावा लिहिताना फ्रॉइड स्वतःही वैतागला होता. इर्माच्या स्वप्नाचे दुसरे प्रकरण आणि स्वप्नकार्याचे सहावे, ही दोन वाचली तरी पुष्कळ झाले.